वसंत रामजी खानोलकर

डॉ. वसंत रामजी खानोलकर (१३ एप्रिल १८९५ – २९ ऑक्टोबर १९७८) हे भारतीय विकृतिशास्त्रज्ञ, कर्करोग-संशोधक व वैद्यकाचे प्राध्यापक होते. भारतातील विकृतिविज्ञानाचे व वैद्यकीय संशोधनाचे जनक असा त्यांचा गौरव केला जातो. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक, भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संस्थापक-संचालक आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू ही पदे त्यांनी भूषविली. तोंड व घसा यांच्या कर्करोगाचा तंबाखूशी असलेला संबंध भारतीय रुग्णांच्या पद्धतशीर अभ्यासातून दाखवून देणाऱ्या पहिल्या काही संशोधकांत त्यांची गणना होते. कुष्ठरोग व रक्तगट या विषयांतही त्यांनी महत्त्वाचे काम केले.

कवी व नाटककार चिं. त्र्यं. खानोलकर (आरती प्रभू) हे वेगळे.  वेंगुर्ल्याजवळचे खानोली हे या आडनावाचे मूळ गाव होय.

शिक्षण व अध्यापन

खानोलकरांचा जन्म गोमंतक मराठा समाजातील कुटुंबात झाला. त्यांचे वैद्यकीय शिक्षण इंग्लंडमध्ये झाले. लंडन विद्यापीठाची वैद्यकाची पदवी त्यांनी १९१८ मध्ये मिळविली आणि १९२३ मध्ये त्याच विद्यापीठातून विकृतिविज्ञान या विषयात एम. डी. ही पदवी संपादन केली. त्या काळी परदेशातून परतलेला हिंदी डॉक्टर सहसा दवाखाना थाटून बसत असे. प्रतिष्ठा आणि पैसा दोन्ही तिकडे होते. खानोलकरांनी मात्र रुग्णाच्या नाडीपेक्षा सूक्ष्मदर्शकाखालच्या काचपट्टीची वाट धरली. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्यानंतर परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी विकृतिविज्ञानाचे प्राध्यापक म्हणून काम केले.

विकृतिविज्ञान म्हणजे रोगामुळे शरीराच्या ऊतकांत व पेशींत होणाऱ्या बदलांचा अभ्यास. रुग्णाच्या शरीरातून काढलेला लहानसा तुकडा मेणात बसवून त्याचे अत्यंत पातळ काप घेतात, ते काचपट्टीवर पसरून रंगवितात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. पेशींची केंद्रके मोठी व वेडीवाकडी झाली आहेत काय, पेशींनी आपली मर्यादा ओलांडून खालच्या थरात शिरकाव केला आहे काय, यावरून कर्करोगाचा निर्णय होतो. रुग्णाला भेटणारा डॉक्टर संशय व्यक्त करतो, निकाल मात्र या काचपट्टीवर लागतो. असे असूनही, ज्याच्या शब्दावर पुढचे सर्व उपचार ठरतात तो विकृतिशास्त्रज्ञ रुग्णाला बहुधा कधी दिसतच नाही. एवढ्या मोठ्या संशोधकाचे नाव सामान्य वाचकाला अपरिचित राहिले, त्याचे एक कारण हेही असावे.

परळचे रुग्णालय

टाटा स्मारक रुग्णालयाची कथा एका घरातील मृत्यूपासून सुरू होते. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी दोराबजींचेही निधन झाले. त्यांच्या विश्वस्त निधीतून परळ येथे कर्करोगासाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात आले व २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. आरंभी तेथे ८० खाटा होत्या. खानोलकर त्याच वर्षी या रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे संचालक झाले.

कर्करोग हा पाश्चात्त्यांचा व सुखवस्तूंचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आहे, असा समज त्या काळी डॉक्टरांतही होता. आयुर्मान कमी असल्याने पुष्कळ लोक कर्करोगाच्या वयापर्यंत पोहोचतच नसत, हे या समजाचे एक कारण होते. दुसरे कारण असे की, जे पोहोचत त्यांच्या मृत्यूच्या कारणाची नीट नोंद होत नसे. परळला देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येऊ लागले तेव्हा हा समज टिकणे शक्य नव्हते. शिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात आली. इंग्लंड-अमेरिकेतील ग्रंथांत ज्या अवयवांच्या कर्करोगाला मोठी जागा दिलेली असे, त्यांपेक्षा येथे तोंड, जीभ आणि घसा यांचेच रुग्ण रांगेत अधिक असत.

सवयींचा माग

खानोलकरांचे वैशिष्ट्य असे की, काचपट्टीवर निदान लिहून ते थांबले नाहीत. रोग नेमका कोठे सुरू झाला, रुग्ण कोणत्या प्रांताचा, कोणत्या समाजाचा, तो काय खातो, काय ओढतो, तंबाखूची गोळी गालात कोणत्या बाजूला धरतो, अशा चौकशीला त्यांनी प्रयोगशाळेच्या नोंदीइतकेच महत्त्व दिले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या १००० रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये अमेरिकेतील एका कर्करोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. एकेकट्या रुग्णाची नवलकथा सांगण्याचा तो काळ होता. त्या काळात एवढ्या संख्येचा अभ्यास भारतातून प्रसिद्ध होणे ही साधी गोष्ट नव्हती.

पुढच्याच वर्षी, १९४५ मध्ये, बी. सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी चालीरीतींतून उद्‌भवणाऱ्या कर्करोगाचे तीन नवे प्रकार वर्णिले. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची जाड विडी जळते टोक तोंडात धरून ओढण्याची रीत आहे. तेथे कर्करोग टाळूला होतो. तंबाखू व चुना मळून खालच्या ओठाआड ठेवण्याची, उत्तरेत खैनी या नावाने चालणारी सवय असलेल्यांत तो ओठाच्या आतील खाचेत होतो. तिसरा प्रकार तंबाखूचा नव्हेच. धोतर वर्षानुवर्षे कमरेला घट्ट कसल्याने जेथे त्वचा सतत काचते तेथे क्वचित कर्करोग उद्‌भवतो, असे त्यांनी नोंदविले. काश्मिरात पोटाशी धरल्या जाणाऱ्या कांगडीमुळे होणारा त्वचेचा कर्करोग त्यापूर्वी माहीत होताच. खानोलकरांनी या सुट्या निरीक्षणांना एका सूत्रात गोवले. सवय बदलली की रोगाची जागा बदलते, हे ते सूत्र. रोग रक्तातून किंवा नशिबातून आला असता, तर तो सवयीचा पत्ता शोधत एवढा अचूक गेला नसता.

घशाच्या कर्करोगावरील काम

घसा हा बोलण्यातला शब्द आहे. वैद्यकात त्याचे भाग पडतात. नाकामागे व तोंडामागे असलेली पोकळी ती ग्रसनी. तिच्या मधल्या भागात जिभेचे मूळ, गिलायू म्हणजे टॉन्सिल व मृदू तालू येतात आणि खालचा भाग अन्ननलिकेच्या तोंडाशी भिडतो. त्यापुढे श्वासमार्गावर स्वरयंत्र असते. या प्रत्येक भागाचा कर्करोग वेगळ्या लक्षणांनी सुरू होतो व त्याचे भवितव्यही वेगळे असते.

एल. डी. संघवी व के. सी. एम. राव यांच्यासह खानोलकरांनी १९५५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलेला निबंध हा या विषयातील मैलाचा दगड मानला जातो. तोंड, घसा व अन्ननलिका यांच्या कर्करोगाचे रुग्ण आणि तो रोग नसलेले लोक यांच्या सवयींची त्यांनी तुलना केली. तंबाखू चघळणाऱ्यांत तोंडाच्या पोकळीचा कर्करोग अधिक आढळला. ओढणाऱ्यांत, आणि मुंबईच्या रुग्णालयात ओढणारा म्हणजे मुख्यतः बिडी ओढणारा, जिभेच्या मुळाचा व घशाच्या मधल्या भागाचा कर्करोग अधिक आढळला. ग्रसनीच्या खालच्या भागाच्या कर्करोगात दोन्ही सवयींचा वाटा दिसला. इंग्लंडमध्ये डॉल व हिल यांचा सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांविषयीचा प्रसिद्ध निबंध याच नियतकालिकात १९५० मध्ये आला होता. त्यानंतर पाचच वर्षांत बिडी आणि चघळण्याची तंबाखू या आपल्याकडच्या वस्तूंविषयी तसाच पुरावा परळहून गेला. डॉल व हिल यांची नावे जगभर पाठ झाली. परळच्या निबंधाला त्या मानाने प्रसिद्धी लाभली नाही, ही खंत रास्त आहे.

घशाच्या कर्करोगाच्या निदानात विकृतिशास्त्रज्ञाची जागा किती नाजूक असते, हे खानोलकरांच्या पिढीला जर्मन सम्राट तिसरा फ्रेडरिक याच्या उदाहरणावरून शिकविले जाई. १८८७ मध्ये त्याचा आवाज बसला. स्वरयंत्रातून काढलेले तुकडे त्या काळातील सर्वश्रेष्ठ विकृतिशास्त्रज्ञ रूडोल्फ फिरखो यांनी तपासले व त्यांत कर्करोग दिसत नाही असे सांगितले. शस्त्रक्रिया टळली. जून १८८८ मध्ये, केवळ ९९ दिवस राज्य करून, सम्राट स्वरयंत्राच्या कर्करोगाने मरण पावला. तुकडा चुकीच्या जागेचा किंवा अपुरा असेल, तर थोरातल्या थोर परीक्षकालाही रोग दिसत नाही. म्हणूनच आजही अहवाल निर्दोष आला तरी लक्षणे कायम असल्यास तुकडा पुन्हा घ्यावा, असा दंडक आहे.

संशोधन केंद्र व शिष्यवर्ग

१९५२ मध्ये केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने परळ येथे भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन केले व खानोलकर त्याचे पहिले संचालक झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे पाहिली म्हणजे त्यांची दृष्टी कळते. पुण्याच्या कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या समर्थ) यांनी तेथे ऊतकसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली, स्तनाच्या कर्करोगावर संशोधन केले आणि पुढे भारतीय महिला शास्त्रज्ञ संघटनेच्या स्थापनेत पुढाकार घेतला. सत्यवती शिरसाट यांनी जीवशास्त्रीय कामासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची प्रयोगशाळा चालविली. संघवी हे मूळचे आनुवंशिकीकडचे अभ्यासक. खानोलकरांसह त्यांनी मुंबईतील सहा अंतर्विवाही समाजगटांच्या रक्तगटादी आनुवंशिक लक्षणांचा अभ्यास केला होता. समाजगटांची ही पारख पुढे कर्करोगाच्या तुलनात्मक अभ्यासात उपयोगी पडली. प्रयोगशाळेत स्त्रियांना प्रवेश मिळणेच जेथे दुर्मीळ होते, तेथे स्वतंत्र विभागांची सूत्रे त्यांच्याकडे सोपविली गेली, याची नोंद अवश्य घ्यावयास हवी.

टाटा स्मारक रुग्णालय १९५७ मध्ये आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ मध्ये अणुऊर्जा विभागाकडे गेले. या विभागाचे प्रवर्तक होमी भाभा हे मेहेरबाई टाटांचे भाचे होत. १९६६ मध्ये रुग्णालय व संशोधन संस्था यांचे एकत्रीकरण होऊन टाटा स्मारक केंद्र अस्तित्वात आले. संशोधन संस्था पुढे नवी मुंबईतील खारघर येथे हलली.

कुष्ठरोग हा खानोलकरांचा दुसरा आस्थाविषय होता. रोगजंतू मज्जातंतूंत कसे शिरतात व लक्षणे दिसण्यापूर्वी तेथे कसे दडून असतात, याचा त्यांनी ऊतकांच्या आधारे अभ्यास केला. १९५८ मध्ये बापट व रणदिवे यांच्यासह त्यांनी कुष्ठरुग्णाच्या ऊतकातून एक जंतू प्रयोगशाळेत वाढविल्याचे प्रसिद्ध केले. केंद्राच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तो आय. सी. आर. सी. जंतू म्हणून ओळखला जातो.

पदे व सन्मान

१९६० ते १९६३ या काळात खानोलकर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. देशातील विकृतिशास्त्रज्ञांची संघटना उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. भारत सरकारने त्यांना पद्मभूषण किताब दिला व वैद्यकाचे राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून त्यांची नियुक्ती केली. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. खारघर येथील संशोधन संकुलातील एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव देण्यात आले आहे.

खानदेशच्या संदर्भात

खानोलकरांचे निष्कर्ष मुंबईच्या रुग्णालयातील असले, तरी ते रुग्ण केवळ मुंबईचे नव्हते. पूर्व व पश्चिम खानदेश हे १९६० पर्यंतचे जिल्हे, म्हणजे नंतरचे जळगाव व धुळे (१९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला), हे रेल्वेमुळे मुंबईशी जोडलेले होते. भुसावळ व जळगाव मुख्य मार्गावर आहेत आणि धुळ्याहून चाळीसगावपर्यंत फाटा आहे. गाडीने दादरला उतरून परळ गाठणे हा येथील कर्करोगाच्या रुग्णाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा मार्ग राहिला आहे. कापूस वेचणारा, केळीचे घड वाहणारा मजूर आठवडाभर सुट्टी घेऊन मुंबईला जातो तेव्हा त्याचा रोग बहुधा पुढे गेलेला असतो. आवाज बसला तर हळद-दूध, कान दुखला तर कानात तेल, गिळताना टोचले तर मऊ भात, यांत महिने निघून गेलेले असतात.

खानोलकरांनी वर्णिलेल्या सवयी येथे अनोळखी नाहीत. चंचीतील तंबाखू-चुना व बिडी या जुन्या. मिश्री लावणे हे विशेषतः स्त्रियांत. गुटखा व मावा ही नंतरची भर. सुपारी तंबाखूवाचून खाल्ली तरी निरुपद्रवी नाही, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये प्रसिद्ध केला. सुपारीमुळे तोंडातील त्वचा आखडत जाते आणि तोंड उघडेनासे होते. उभी तीन बोटे दातांमध्ये मावत नसतील तर तपासणी करून घ्यावी, अशी साधी खूण डॉक्टर सांगतात. तंबाखूला मद्याची जोड मिळाल्यास घशाच्या कर्करोगाचा धोका नुसता वाढत नाही, तो कैक पटींनी वाढतो. मानवी पॅपिलोमा विषाणूमुळेही टॉन्सिल व जिभेच्या मुळाचा कर्करोग होतो. पाश्चात्त्य देशांत त्याचे प्रमाण मोठे आहे. आपल्याकडे मात्र मुख्य कारण तंबाखूच आहे.

निदानाची रीत आज सुधारली असली, तरी तिचा गाभा खानोलकरांच्या काळाचाच आहे. तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला आवाज, गिळताना अडथळा, एका बाजूच्या कानात कळ, थुंकीतून रक्त किंवा मानेत न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही असल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञ आरशाने किंवा दुर्बिणीने घसा पाहतो. संशयित जागेचा तुकडा काढून विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवितात. या तपासाला बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढल्याने रोग पसरतो ही समजूत खानदेशात काय, सर्वत्रच आढळते. ती निराधार आहे व तिच्यापायी पुष्कळांची मौल्यवान वेळ गेली आहे. पुढे सी. टी. किंवा एम. आर. आय. चित्रणाने रोगाचा विस्तार ठरवितात. स्वररज्जूपुरता मर्यादित रोग किरणोपचाराने किंवा दुर्बिणीतून केलेल्या लेसर शस्त्रक्रियेने बरा होण्याची शक्यता खूपच चांगली असते आणि आवाजही राहतो. रोग वाढलेला असल्यास शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांची सांगड घालावी लागते. संपूर्ण स्वरयंत्र काढावे लागले तर रुग्ण मानेवरील छिद्रातून श्वास घेतो व बोलणे नव्याने शिकतो. अन्ननलिकेतून आवाज काढणे किंवा लहानशी झडप बसविणे हे त्याचे मार्ग आहेत. ही शस्त्रक्रिया व्हिएन्नात बिलरोट यांनी १८७३ मध्येच केली होती.

खर्चाची अडचण काही प्रमाणात दूर झाली आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत धुळे होता. जळगावचा समावेश पुढच्या टप्प्यात झाला. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते व तीत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार समाविष्ट आहेत. धुळे व जळगाव या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. त्यामुळे घसा पाहणे आणि तुकडा तपासणे या पहिल्या पायरीसाठी तरी रात्रीच्या गाडीने परळ गाठण्याचे कारण उरलेले नाही. महाराष्ट्र शासनाने गुटख्यावर जुलै २०१२ मध्येच बंदी घातली. बंदीनंतर पुडी महाग झाली, पण टपरीवरून ती नाहीशी झाली असे म्हणता येत नाही. बिडी आणि साधी तंबाखू यांवर तर अशी बंदी नाहीच. १९५५ च्या निबंधात घशाच्या कर्करोगाशी नाव जोडले गेले होते ते याच दोन वस्तूंचे.